वारा सुटला की येणारा माणूस

१

नोंद : मार्सेलें सूविन्ये, शेतकरी, स्वतःच्या स्वयंपाकघरात मृतावस्थेत आढळला. कपाळावर चुलीच्या लोखंडी सळईचा घाव. सळई त्याची थोरली बहीण आर्लेत हिच्या हातात. घरात तिसरा माणूस होता, असं तिचं म्हणणं. बाहेर बर्फात पावलांची एकच रांग : गोठ्यापासून घराच्या दारापर्यंत, मृताच्या बुटांची.

नोंदीबाहेर : फरशीभर दूध सांडलं होतं. किटली टेबलाखाली कलंडलेली. घरचं कुत्रं उंबऱ्याबाहेर उभं राहून, मान तेवढी आत घालून दूध चाटत होतं. पोलिसांनी त्याला शीळ घातली, हाडूक दाखवलं. ते पाय काही आत टाकेना.

मी सोलांज, न्यायालयातली लेखनिक. आमच्याकडे साक्षीदार बोलतो, तपास न्यायाधीश ऐकतात, मग त्याचं बोलणं स्वतःच्या शब्दांत मला सांगतात आणि मी टाइप करते. साक्षीदार वाचून पानापानावर सही करतो. तेच राहतं. उरलेलं माझ्या कानात साचतं. या खटल्यात ते दोन्ही शेजारी-शेजारी ठेवते, कारण गुन्हा त्या दोन्हींच्या फटीत होता.

२

नोंद : आरोपी सांगते की वरच्या मजल्यावर अनोळखी इसम वावरत असे. वर्णन देऊ शकत नाही. घटनेच्या वेळचं तिला आठवत नाही.

नोंदीबाहेर :

"रोज यायचा?" आमच्या न्यायाधीश बाईंनी, क्लोतिल्द आमार्जिए यांनी, विचारलं.

"रोज कशाला येईल? त्याला काय पगार होता?" आर्लेत म्हणाली. सत्तरी ओलांडलेली, सुकलेल्या चेस्टनटसारखी बाई. "वारा सुटला की यायचा. आपला ब्यूर्ल."

ब्यूर्ल म्हणजे आमच्या पठारावरचा उत्तरेचा वारा. पडलेला बर्फ पुन्हा उचलून तोंडावर मारणारा.

"कधीपासून?"

"कबरींवर शेवंती ठेवायच्या सणानंतर. आधी नुसती पावलं. मग भिंतीआड बोलायचा. माझं डोकं असं ठणकायचं, जणू आत कोणी लाकडं फोडतंय."

"भावाला सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, 'आर्लेत, वर उंदीर आहेत.' म्हटलं, उंदीर बूट घालतात का रे?"

तिच्या तरुण वकिलाला, रूवेरला, हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत.

"त्या संध्याकाळी?"

"मी बटाटे सोलत होते. दार उघडलं. पांढरा, उंच. तोंड नव्हतं त्याला. हातात काहीतरी चकाकणारं. मी मार्सेलेंला हाका मारल्या, बाईसाहेब. पुष्कळ मारल्या. पुढचं नाही आठवत. शुद्धीवर आले तर पोरगं खाली पडलेलं."

मार्सेलें साठीचा होता. तिच्या लेखी पोरगंच. तिनं त्याला कडेवर खेळवलेलं.

मग ती टेबलावर वाकली. "मला तुरुंगात टाका. पण वेडी लिहू नका. आमच्या घरात कोणी वेडं नव्हतं."

नेमकं तेच लिहायला सगळे टेकले होते. दोन मानसोपचार तज्ज्ञांनी एकच निदान दिलं होतं. ते मान्य झालं की कृत्याचा दोष तिच्यावर येत नाही, म्हणून शिक्षा नाही; पण मग बंद दवाखाना, आणि तिथून सुटका डॉक्टर आणि जिल्हाधिकारी म्हणतील तेव्हा. या वयात म्हणजे कधीच नाही.

३

नोंद : शेजारी गास्तों बोनफू याचा मृताशी झऱ्याच्या पाण्यावरून जुना वाद. घटनेच्या संध्याकाळी तो घरी होता. संशयास्पद काही पाहिलं नाही.

नोंदीबाहेर :

"मी मारलं असतं तर उन्हाळ्यात मारलं असतं," बोनफू म्हणाला. "पाणी तेव्हा लागतं. हिवाळ्यात मारून काय करू, बर्फ चाटू?"

"आर्लेतबाई कशा वाटायच्या?"

"अंगणात भेटली की शहाणी. माझ्या सात पिढ्या उद्धरायची, एक नाव चुकायची नाही. घरात गेली की संपलं. पलीकडून किंचाळणं ऐकू यायचं. त्यांचं कुत्रंसुद्धा यंदा गोठ्यात निजायला लागलं. बारा महिने चुलीपाशी लोळणारं कुत्रं! सूविन्ये मंडळींची संगत कुत्र्यालाही सोसेना."

बाईंनी भुवई उचलली, मला काही सांगितलं नाही. शेजाऱ्याचे टोमणे नोंदीत कोण घालतं?

नोंद : परिचारिका नादेज पियालू आठवड्यातले आपल्या ड्यूटीचे दिवस आरोपीला इन्सुलिन देण्यास जात असे. तिच्यासमोर आरोपीचं वागणं सामान्य.

नोंदीबाहेर :

"सामान्य नाही हो, मी पोहोचायचे तेव्हा भेलकांडलेली असायची," नादेज म्हणाली. गालावर थंडीचे लाल चट्टे, बोलणं धडाधड. "मी शिरले की आधी खिडकी उघडते. म्हाताऱ्यांची घरं अशी कोंडलेली असतात ना, नाक धरावं लागतं. आर्लेतबाई शिव्या घालायच्या, 'बाहेरचा हिवाळा तापवायला निघालीस का, महामाये?' मग साखर तपासायची, सुई द्यायची, गप्पा. निघताना अगदी छान. मी म्हणायचे, बघा, माझा पायगुण!"

"पायगुण," बाईंनी तो शब्द स्वतःशीच उच्चारला. नोंदीत तो गेला नाही.

४

नोंद : मृताचा पुतण्या लुदोविक सूविन्ये. घरांची थंडी अडवण्याची कामं करतो. आत्या-काकांकडे वारंवार जात असे. आत्याच्या वेडसरपणाला दुजोरा देतो.

नोंदीबाहेर : पोरगा देखणा, नीट दाढी केलेला. हात सारखे चोळत होता.

"आत्या पहिल्यापासून जरा वेगळीच. काका सांभाळून घ्यायचे. मी माझ्याकडून होईल ते केलं. शेवंतीच्या सणाला आलो तेव्हा स्वयंपाकघर फुकटात बंदिस्त करून दिलं. नव्या खिडक्या, दाराला पट्ट्या, भिंतीतली वाऱ्याची भोकं बंद. आत्या खूष! फडफडणारा पडदा पहिल्यांदा स्थिर उभा राहिला."

"तुम्ही कधी काही पाहिलंत? पावलं, आवाज?"

"मी आत बसतच नाही फारसा. कॉफी दारात उभ्या-उभ्याच घेतो. कामाची घाई असते."

"आणि घराचं सील काढा म्हणून अर्ज तुमचाच?"

"हो. घर हवेशीर करायचं होतं. बंद घर कुजतं."

बाईंनी अर्ज नामंजूर केला होता. दारावरची लाखेची मोहोर पहिल्या रात्रीपासून तशीच होती.

"आत्याला दवाखान्यातच राहू द्या, बाईसाहेब," तो उठताना म्हणाला. "तिथे ती सुखात आहे."

५

नोंद : उपचार करणारे डॉक्टर देल्मास यांच्या मते औषधांनी आरोपीला ठळक उतार. भास थांबले.

नोंदीबाहेर : दवाखान्याच्या भेटीच्या खोलीत आर्लेतनं बाईंना खिडकीतलं जिरेनियम दाखवलं.

"कसं तरारलंय बघा. माझ्या सगळ्या गोळ्या तेच खातंय."

"तुम्ही एकही घेतली नाहीत?"

"मी वेडी आहे का गोळ्या खायला?"

"आणि तो माणूस?"

"इथे कसा येईल? त्याला घर आमचंच ठाऊक." तिनं बाईंची बाही धरली. "तिथे चला. पण वारा सुटेल त्या दिवशी चला. नुसत्या उन्हात गेलात तर तो फसवेल तुम्हाला."

वकील रूवेरनं तसा रीतसर अर्जच दिला : घटना जागेवर पुन्हा घडवून पाहावी, हवामानासकट. सरकारी वकील तेसेद्र आमच्या खोलीत येऊन पोट धरून हसले. "भूत बोलवायला हवामान खात्याचा दाखला! बाई, माझा वेडाचा अर्ज तयार आहे. सही करा आणि सुटा."

"जागेवर जायचं तर होतं तसंच सगळं हवं," बाई म्हणाल्या. "चूल, दार, बटाटे. वारासुद्धा."

"कशासाठी?"

"एका बाईला मी मरेपर्यंत कोंडणार आहे. निदान तिच्या स्वयंपाकघरात एकदा बसून घेते."

हवामान खात्याचा अंदाज आला : ब्यूर्ल सुटणार.

६

नोंद : संध्याकाळ. मोहोर तोडली. स्वयंपाकघर घटनेच्या वेळी होतं तसं. चूल निजवलेली, म्हणजे कोळशाच्या विटा घालून झडप ओढलेली; जवळ तशीच लोखंडी सळई. दार बंद, दाराच्या फटीला कापडी लोळी. आत : न्यायाधीश, लेखनिक, सरकारी वकील, आरोपी आणि तिचा वकील, बोनफू, परिचारिका, एक पोलीस. दुसरा पोलीस मृताची भूमिका करणार, तो गोठ्यात. पुतण्या लुदोविक स्वेच्छेनं बाहेर.

"सिगारेट ओढायचीय," तो म्हणाला होता.

नोंद : आरोपी बटाटे सोलते. परिचारिका खिडकी उघडू पाहते. न्यायाधीश मनाई करतात : त्या दिवशी खिडकी बंद होती.

नोंद : आरोपी बटाटे सोलते. पोलीस फोटो घेतो. सरकारी वकील म्हणतात, बास आता. न्यायाधीश म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून.

नोंद : आरोपी बटाटे सोलते. धुरांड्यात वारा घुमतो. बोनफू म्हणतो, मळमळतंय. सरकारी वकील म्हणतात, म्हाताऱ्या, दुपारी किती प्यालास? सरकारी वकील हसतात. अजून हसतात. कशाला हसतात ते

६

नोंद : आरोपी बटाटे बटाटे सोलते. आरोपी म्हणते, आता येईल.

नोंद : माझ्या कपाळात खिळा. हे लिहायचं नाही. खोडावं.

नोंद : वर कोणीतरी चालतंय.

नोंद : पोलीस वर जाऊन आला. वर कोणी नाही. जिन्यावर तो बसला, उठेना. न्यायाधीश म्हणतात, हे लिहू नका, सोलांज. मी लिहिलं. वर कोणीतरी बूट घालून चाल

नोंद : दार.

नोंद : पांढरा. तोंड नाही. हातात चकाकतंय. सरकारी वकील ओरडतात, कोण आहे ते, कोण आहे, सरकारी वकिलांनी सळई

खिडकी. खिडकी. नादेज

(कोरं)

७

नादेजनं मनाई झुगारून खिडकी सताड उघडली आणि आम्हाला एकेकाला काखेत धरून बर्फात ओढलं. तेसेद्रच्या हातातली सळई तिनंच हिसकावली. मृताची भूमिका करणारा पोलीस भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या टोपीवर, भुवयांवर बर्फ थापलेला, तोंडावर गळपट्टा, हातात दुधाची घासलेली किटली. सळई त्याच्या कानाजवळून गेली होती.

अग्निशामक दलाचे जवान आले. त्यांच्या छातीवर लावलेलं यंत्र उंबऱ्यातच किंचाळलं. त्यांनी आम्हाला गोठ्यात बसवून नाकाला प्राणवायूच्या नळ्या लावल्या. तेसेद्र गाईच्या पाठीला टेकून ओकत होते.

बाईंनी नळी बाजूला केली. आवाज अजून जड होता.

"वारा सुटला की येणारा माणूस," त्या म्हणाल्या. "नादेज आली की जाणारा. दवाखान्यात न आलेला. दिवसभर गोठ्यात राबणाऱ्या भावाला कधीच न भेटलेला. आणि कुत्र्यानं सगळ्यांच्या आधी ओळखलेला. हे सगळं मी ऐकलं होतं. एकही वाक्य नोंदीत घातलं नाही."

"कार्बन मोनॉक्साइड," यंत्रवाला जवान म्हणाला. "वास नाही, रंग नाही. निजवलेल्या चुलीला हवा मिळाली नाही आणि वाऱ्यानं धुरांड्यातून उलटं ढकललं की खोली भरते. माणसाला भास होतात, डोकं फुटतं, मग झोप."

"आणि पोलिसांनी त्या रात्री दार उघडं टाकलं. आर्लेतबाईंच्या रक्तात फक्त दारू शोधली. भाऊ तर बाहेरूनच आलेला. त्याच्या अंगात काही नव्हतंच." बाई दाराकडे वळल्या. "पुढे या, लुदोविक."

तो गोठ्याच्या तोंडाशी उभा होता.

"भिंतीतली भोकं तुम्ही बुजवलीत. आग पेटते त्या स्वयंपाकघरातली हवेची जाळी बुजवायची नाही, हे जिल्ह्याच्या आरोग्य-नियमात आहे. तुमचा धंदाच तो."

"चूक झाली असेल. चूक म्हणजे खून नव्हे."

"नव्हे. म्हणून पुढचं विचारते. आज या वाऱ्यात, कोट न घालता बाहेर का थांबलात?"

"सांगितलं ना. सिगारेट."

"तू सिगारेट ओढत नाहीस, लुदो," आर्लेत पेंढ्यावरून म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "आणि पूर्वी तू आत बसायचास. दोन-दोन वाडगे कॉफी व्हायची तुझी. नाताळानंतर उंबऱ्याच्या आत पाय टाकेनास."



"वारसाला घर विकायचं असतं, भाड्यानं द्यायचं असतं," बाई म्हणाल्या. "हवा मागणारा वारस मी पहिलाच पाहिला. मोहोर निघाली असती तर आधी जाळी मोकळी केली असतीत. नाताळात काय झालं?"

त्यानं हात चोळायचं थांबवलं. "इथे जेवलो. वारा होता. घरी जाताना गाडी थांबवून ओकलो. आधी वाटलं, वाइन. मग कळलं." तो आत्याकडे बघेना. "उघडायची म्हणजे चुकलो म्हणायचं. खोरंभर बातमी झाली असती. म्हटलं, थंडी सरेल, चूल विझेल, मग गुपचूप येऊन उघडेन."

"आणि आत्या वेडी ठरली, तेव्हा?"

"तेव्हा तर... आपोआपच मिटत होतं सगळं."

"अरे, मला एकदा सांगायचंस," आर्लेत म्हणाली. "मी नसतं कोणाला बोलले."

बाई काही विचारणार, इतक्यात नादेज मध्ये पडली. "खोरंभर म्हणजे? अजून कुठे-कुठे जाळ्या बुजवल्यास?"

धुरांड्यांवरून वारा शीळ घालत होता. बोनफू उठला, नळी ओढून काढली आणि लुदोविकची गचांडी धरली. "घरं सांग, हरामखोरा! माझी लेक पलीकडच्या वाडीत आहे. तिच्याकडे तूच आला होतास ना?"

मग नावं भडाभडा बाहेर पडली. जवान गाड्यांकडे धावले. आम्ही गोठ्यात बसून त्यांचे भोंगे खोऱ्यात दूरदूर जाताना ऐकत होतो. बोनफूची लेक डोकं दुखतंय म्हणून लवकर निजली होती. तिला चादरीसकट उचलून आणल्याचा निरोप आला, तेव्हा त्या म्हाताऱ्यानं सूविन्येंच्या गाईच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला.

८

नोंद : घटनेच्या वेळी आरोपीची बुद्धी विषारी वायूनं हरपली होती, कृत्याचा दोष तिच्यावर येत नाही. आज तिला कोणताही मानसिक आजार नाही. दवाखान्याची गरज नाही. सरकारी वकिलांनी आपला अर्ज मागे घेतला. लुदोविक सूविन्ये याच्यावर, धोका माहीत असून गप्प राहिल्याबद्दल आणि त्यातून मृत्यू ओढवल्याबद्दल, वेगळा तपास सुरू.

नोंदीबाहेर : आर्लेत आमच्या खोलीत कोट न काढता बसली होती. नादेज तिला आपल्या घरी न्यायला बाहेर थांबलेली.

"तुम्ही वेड्या नाही," बाई म्हणाल्या. "तसं लिहिलंय."

"वाचलं." तिनं बोट ओळीवर ठेवलं. "म्हणजे घरात तिसरं कोणी नव्हतं."

"नव्हतं."

"मुळीच?"

बाईंनी मान हलवली.

आर्लेतनं खिडकीकडे बघितलं. मी खिडकी थोडी उघडली. तिच्यासाठी नव्हे, त्या संध्याकाळपासून मला बंद खोली सोसत नाही.

"माझ्या पहिल्या जबाबात एक वाक्य आहे," ती म्हणाली. "तिसरा माणूस होता म्हणून. ते खोडा."

"सही झालेलं खोडता येत नाही. खाली भर घालता येते. काही सांगायचंय?"

ती बोलू लागली. मी सवयीनं बाईंकडे पाहिलं, त्या आता आपल्या शब्दांत सांगतील म्हणून. बाई गप्प होत्या. त्यांनी हातानंच खूण केली : लिहा.

नोंद : दार उघडलं. मार्सेलें आत आला. त्याच्या भुवयांवर बर्फ होता. हातात दुधाची किटली होती. मी त्याला हाका मारत होते आणि तो म्हणाला, अगं, मीच आहे. ते मला ऐकू आलं होतं. आवाज त्याचाच आहे, हेही कळलं होतं. मला वाटलं, त्या माणसानं माझ्या भावाचा आवाजसुद्धा चोरला. म्हणून मी जोरात मारलं.

तिनं वाचलं, सही केली, आणि पेन टोपण लावून माझ्या हातात परत दिलं.